उसने घेतले हे सांगण्यात कमीपणा कसला?

गेल्या सत्रात आमच्या शाळेत आंतरहाऊस वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, 'पाश्चात्त्य संस्कृतीचा पाया ग्रीकांनी एकट्याने घातला'. मी विरोधात बोललो आणि आमचे हाऊस जिंकले. ढाल आमच्या कॉमन रूममध्ये आहे. ज्या भाषणामुळे ती मिळाली, त्यातले सर्वांत जास्त टाळ्या घेणारे वाक्य खोटे होते, आणि ते वाक्य माझे होते. म्हणून हा लेख.

ते वाक्य साधारण असे होते : 'ॲरिस्टॉटल अलेक्झांडरच्या मागोमाग इजिप्तला गेला, अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय त्याने लुटले आणि तिथली पुस्तके स्वतःच्या नावावर खपवली.' घरच्या व्हॉट्सॲप गटावर काकांनी पाठवलेल्या एका लांबलचक संदेशात ते होते. वाचताक्षणी मला आवडले. त्यात चोर होता, चोरी होती आणि वाक्य टाळीचे होते. खरे की खोटे, हे तपासायला मला एका प्रेपपेक्षा जास्त वेळ लागला नसता. पण मी तो दिला नाही.

प्रश्नोत्तरांच्या वेळी नववीतला एक कॅडेट उभा राहिला. त्याने विचारले, 'सर, ते ग्रंथालय तेव्हा होते का?' मी उत्तर दिले, 'पुस्तके नसती तर चोरली कशी असती?' सभागृह हसले. तो खाली बसला. मला दोन गुण जास्त मिळाले असावेत.

पुढे फुटबॉल खेळताना माझा पाय मुरगळला आणि आठवडाभर परेड माफ झाली. तो वेळ ग्रंथालयात काढायचा होता. सहज त्या संदेशातल्या गोष्टी शोधायला बसलो आणि दहा मिनिटांत पाय राहिला बाजूला, डोकेच दुखू लागले. अलेक्झांड्रिया शहर वसवले गेले इ.स.पू. ३३१ मध्ये. ॲरिस्टॉटल वारला इ.स.पू. ३२२ मध्ये. तिथले प्रसिद्ध ग्रंथालय उभे राहिले टॉलेमी घराण्याच्या काळात, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर. तो कधी इजिप्तला गेला होता, याचा पुरावा नाही. जे ग्रंथालय अजून बांधलेच नव्हते, ते लुटणार कसे? नववीतल्या त्या मुलाचा प्रश्न बरोबर होता आणि माझे उत्तर फक्त चतुर होते.

मग मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. त्यातून माझे जे मत बनले ते इथे मांडतो आहे.

'ग्रीकांनी इजिप्तचे ज्ञान चोरले' हा आरोप गाजला तो १९५४ मध्ये निघालेल्या 'स्टोलन लेगसी' या पुस्तकामुळे. लेखक जॉर्ज जेम्स हे अमेरिकेत शिकवणारे कृष्णवर्णीय प्राध्यापक होते. ॲरिस्टॉटलची आणि ग्रंथालयाची गोष्ट त्याच पुस्तकातून पसरली. १९९६ मध्ये मेरी लेफ्कोविट्झ या ग्रीक विषयाच्या अभ्यासक बाईंनी 'नॉट आउट ऑफ आफ्रिका' हे पुस्तक लिहून तिच्यातली कालक्रमाची चूक दाखवली. पण जेम्स यांना नुसते हसून सोडून देणे मला पटत नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले की आफ्रिकेला इतिहासच नाही, त्या समाजातल्या शिक्षकाने रागाने केलेला तो प्रतिवाद होता. राग समजण्यासारखा आहे. पुरावा मात्र चुकीचा आहे.

दुसरे टोकही तितकेच वाईट. एकोणिसाव्या शतकात युरोपात 'ग्रीक चमत्कार' असा शब्द रूढ झाला. जणू काही एका सकाळी अथेन्समध्ये सूर्य उगवला आणि माणूस विचार करू लागला! गणित, शिल्प, वैद्यक, तत्त्वज्ञान सगळे कोणाकडूनही काही न घेता आपोआप उगवले. आपल्या सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांत आजही याच चालीवरचे प्रश्न असतात : 'भूमितीचे जनक कोण?', 'इतिहासाचे जनक कोण?' उत्तरे पाठ करून आपण पुढे जातो. जनकालाही आईबाप असतात, हे कोणी विचारत नाही.

गंमत अशी की चोरी आणि चमत्कार या दोन्ही कल्पना खुद्द ग्रीकांना पटल्या नसत्या. आपण कोणाकडून काय शिकलो ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

आपण सैनिकी शाळेतले आहोत, तेव्हा सुरुवात सैनिकांपासूनच करू. इ.स.पू. सातव्या शतकात पहिला प्सामतिक इजिप्तच्या गादीवर आला. देश अनेक लहान सत्ताधीशांत वाटला गेला होता. हिरोडोटस सांगतो की, समुद्रातून काशाची माणसे येतील तेव्हा सूड उगवता येईल, अशी देववाणी त्याला झाली होती. थोड्याच दिवसांत आयोनियाचे ग्रीक आणि शेजारच्या कारिया प्रांतातले लोक लुटालुटीसाठी किनाऱ्यावर उतरले. त्यांच्या अंगावर काशाची चिलखते होती. प्सामतिकने त्यांच्याशी लढण्याऐवजी त्यांना नोकरीत घेतले आणि त्यांच्या बळावर सारा इजिप्त एका हाताखाली आणला. पुढे नाईलच्या पूर्वेकडच्या फाट्यावर, नदीच्या दोन्ही तीरांना, त्यांना छावण्यांसाठी जमीन दिली. इतकेच नाही, तर काही इजिप्शियन मुले त्यांच्या हवाली केली, ग्रीक भाषा शिकण्यासाठी. हिरोडोटसच्या मते इजिप्तमधला दुभाष्यांचा वर्ग या मुलांपासून सुरू झाला. आपल्याकडे तिसरी भाषा कशाला, असे विचारणाऱ्या मित्रांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

या भाडोत्री सैनिकांनी आपली एक खूण मागे ठेवली आहे. दक्षिण इजिप्तमध्ये अबू सिंबेल येथे दुसऱ्या रामसेसचे डोंगरात कोरलेले मंदिर आहे. दाराशी सुमारे वीस मीटर उंचीचे त्याचे बसलेले पुतळे आहेत. १९६० च्या दशकात आस्वान धरणाच्या पाण्यापासून वाचवण्यासाठी हे अख्खे मंदिर कापून उंचावर हलवले गेले, ते हेच. त्यातल्या एका पुतळ्याच्या पायावर ग्रीक अक्षरांत एक लेख कोरलेला आहे. इ.स.पू. ५९३ च्या सुमारास दुसऱ्या प्सामतिकच्या सैन्यातून नूबियाच्या मोहिमेवर गेलेल्या ग्रीक सैनिकांनी तो कोरला. नदी जिथपर्यंत जाऊ देते तिथपर्यंत आम्ही गेलो, परक्यांच्या तुकडीचा सेनापती पोतासिम्तो होता आणि इजिप्शियनांचा अमासिस, अशी माहिती त्यात आहे. लिहिणाऱ्यांनी आपली नावेही दिली आहेत. तेव्हा तो पुतळा साडेसहाशे वर्षांचा जुना होता.

गडांवर जाऊन नावे कोरणाऱ्यांचे मी समर्थन करत नाही. वर्गातल्या बाकांवर कोरणाऱ्यांचेही नाही. पण या लेखात एक नाव असे आहे की ते मला विसरता येत नाही. ग्रीक तुकडीच्या प्रमुखाच्या बापाचे नाव थिओक्लीस. ते शुद्ध ग्रीक नाव. मुलाचे नाव मात्र प्सामेतिखोस, म्हणजे प्सामतिक या इजिप्शियन राजनावाचे ग्रीक रूप! एका ग्रीक बापाने आपल्या मुलाला इजिप्तच्या राजाचे नाव दिले होते. ज्याच्या मिठावर घर चालते त्याच्या नावाने बारसे करायचे, हे तर आपल्याकडच्या शिलेदारालाही समजले असते. अशा घरांतून, अशा छावण्यांतून एका देशाच्या गोष्टी दुसऱ्या देशात जातात. ग्रंथालय लुटावे लागत नाही.

सैनिकांमागून व्यापारी आले. नाईलच्या पश्चिम फाट्यावर नौक्रातिस हे ग्रीकांचे बंदर वसले. अमासिस नावाच्या राजाने (हा वरच्या सेनापतीपेक्षा वेगळा, राज्यकाळ इ.स.पू. ५७० ते ५२६) ते ग्रीक व्यापाऱ्यांना राहायला दिले. तिथे नऊ ग्रीक नगरांनी मिळून एक देऊळ बांधले. मायदेशी सतत भांडणारी ही नगरे परक्या मुलखात एकत्र आली होती. महाराष्ट्राबाहेरच्या या शाळेत नागपूर, कोल्हापूर आणि रत्नागिरीची मुले सुट्टीच्या दिवशी एकाच डब्यातला चिवडा खातात, तसेच.

आता शिल्पाकडे येऊ. हे उदाहरण समजायला कॅडेटसारखा वाचक नाही. इ.स.पू. ६०० च्या सुमारास ग्रीसमध्ये दगडाचे पूर्णाकृती तरुण पुतळे घडू लागले. त्यांना 'कूरोस' म्हणतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यातला एक सुरुवातीचा आहे. त्याचे चित्र पाहा. छाती समोर, मान ताठ, नजर सरळ. दोन्ही हात मांड्यांना लावलेले, मुठी बंद. डावा पाय पुढे. आमच्या ड्रिलच्या उस्तादांनी याला पाहिले असते तर एवढेच म्हटले असते की, सावधानमध्ये पाय कसा हलला?

ही उभे राहण्याची ढब ग्रीकांची नव्हे. इजिप्तमध्ये ती दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालत आली होती. इजिप्तचे कारागीर दगडावर आधी चौकोनांची जाळी आखत आणि त्या मापाने शरीर बसवत. प्सामतिकच्या घराण्याच्या काळी तळपायापासून डोळ्यापर्यंत सुमारे २१ चौकोन धरत. न्यूयॉर्कच्या त्या कूरोसची मापे या जाळीशी बऱ्याच जवळून जुळतात. डिओडोरस या इ.स.पू. पहिल्या शतकातल्या लेखकाने एक गोष्ट दिली आहे : दोन ग्रीक भावांनी एकाच मूर्तीचे दोन अर्धे भाग दोन वेगळ्या शहरांत बसून केले आणि ते एकमेकांना तंतोतंत जुळले, कारण दोघांनी इजिप्तचे प्रमाण वापरले होते. गोष्ट दंतकथा असेल. पण तिच्यातून ग्रीकांनी श्रेय कोणाला दिले ते कळते.

मग ही नक्कल झाली का? नीट पाहिले तर नाही. इजिप्शियन पुतळ्याच्या पाठीशी दगडाचा खांब असतो, हात आणि धड यांच्यामध्ये, पायांच्या मध्ये दगड तसाच सोडलेला असतो. त्यामुळे तो टिकतो. ग्रीकांनी तो आधाराचा दगड काढून टाकला आणि पुतळा स्वतःच्या पायावर उभा केला. कमरेचे वस्त्रही काढले. मग शरीर कसे वाकते, भार कुठे येतो, याचा पिढीगणिक अभ्यास करत गेले. इ.स.पू. ४८० च्या सुमाराचा, अथेन्सच्या अक्रोपोलिसवर सापडलेला 'क्रिटिओसचा मुलगा' पाहा. त्याने शरीराचा भार एका पायावर घेतला आहे, दुसरा गुडघा सैल आहे, कंबर किंचित कलली आहे. सव्वाशे वर्षांत तो पुतळा 'सावधान'मधून 'आराम से'मध्ये आला. उसने घेतलेल्या भांडवलावर स्वतःच्या कष्टाने धंदा वाढवणे म्हणतात ते हे.

गणितातही तेच दिसते. ऱ्हिंड पपायरस म्हणून ओळखला जाणारा इजिप्तचा गणिताचा ग्रंथ ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो इ.स.पू. १५५० च्या सुमारास लिहिला गेला. त्यातला एक प्रश्न असा : गोल शेताचा व्यास ९ एकक, तर क्षेत्रफळ किती? रीत सांगितली आहे : व्यासाचा नववा भाग वजा करा, उरले ८, त्याचा वर्ग करा, ६४. आपल्या सूत्राने करून पाहा, ६३.६ येते. एक टक्क्याचीही चूक नाही, तीही साडेतीन हजार वर्षांपूर्वी. महापूर ओसरल्यावर शेतांच्या हद्दी पुन्हा आखणाऱ्यांना याहून जास्त काय हवे? हिरोडोटस म्हणतो की जमीन मोजण्याची ही विद्या इजिप्तमधून ग्रीसला आली. ग्रीक भाषेत भूमितीच्या नावाचा अर्थच मुळी 'भू-मापन' असा आहे, आपल्या शब्दासारखाच.

ग्रीकांनी त्यात घातली ती एक नवी सवय : 'का?' विचारण्याची. रीत बरोबर उत्तर देते, पण नेहमीच देईल कशावरून? युक्लिडने इ.स.पू. ३०० च्या सुमारास आपल्या ग्रंथात एकेक विधान आधीच्या विधानांवरून सिद्ध करत नेले. दहावीत आपण ज्या सिद्धतांनी हैराण होतो त्या याच घराण्यातल्या. आणि युक्लिडचे नाव कोणत्या शहराशी जोडले जाते? अलेक्झांड्रियाशी. म्हणजे विद्या फिरून इजिप्तच्याच मातीत आली.

ऱ्हिंड पपायरसमधली आणखी एक गोष्ट मला सर्वांत जास्त भावली. लेखनिकाने सुरुवातीला आपले नाव दिले आहे, अहमोसे. आणि लगेच नोंदवले आहे की हे मी एका पूर्वीच्या राजाच्या काळातल्या जुन्या लिखाणावरून उतरवले. ती राजवट त्याच्या आधी सुमारे तीनशे वर्षांपूर्वीची. त्याला खोटे बोलणे सहज जमले असते. ते जुने लिखाण आज उरलेले नाही, त्यामुळे कोणी पकडलेही नसते. तरी त्याने लिहिले. प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर काहीतरी खरडणाऱ्या आपण सर्वांनी अहमोसेला एक सलाम ठोकायला हरकत नाही.

वैद्यकाचे एकच उदाहरण देतो. एडविन स्मिथ पपायरसमध्ये, काळ इ.स.पू. १६०० च्या आसपास, जखमांची ४८ प्रकरणे डोक्यापासून खाली अशा क्रमाने दिली आहेत. प्रत्येकात तपासणी, निदान, मग निर्णय : याच्यावर मी उपचार करीन, याच्याशी मी झुंजेन, किंवा याला उपचार नाही. रणांगणावरच्या वैद्यकीय तुकडीला आजही जखमींची अशीच वर्गवारी करावी लागते. ग्रीक वैद्यांनी यातले नेमके काय घेतले हे दाखवणे कठीण आहे, म्हणून मी ते घेतलेच असे म्हणणार नाही. पण इजिप्तच्या वैद्यांची थोरवी होमरच्या 'ओडिसी'त सांगितलेली आहे, म्हणजे कीर्ती तर नक्की पोचली होती.

आता एक सावधगिरीची गोष्ट. ग्रीकांनी ऋण मान्य केले म्हणून त्यांचा प्रत्येक शब्द खरा मानायचा का? हिरोडोटस लिहितो की, प्रत्येकाने दर वर्षी आपल्या उपजीविकेचा हिशेब द्यावा हा कायदा सोलोनने अमासिस राजाकडून घेऊन अथेन्समध्ये लावला. पण सोलोन अथेन्सचा मुख्य अधिकारी झाला इ.स.पू. ५९४ मध्ये आणि अमासिस गादीवर आला ५७० मध्ये! शिष्य गुरूच्या चोवीस वर्षे आधी. माझ्या ॲरिस्टॉटलच्या गोष्टीत होती तीच चूक, फक्त अडीच हजार वर्षे जुनी. इजिप्तच्या प्राचीनतेने ग्रीक इतके दिपून गेले होते की कधी कधी घेतले नव्हते तेही त्यांनी घेतले म्हणून सांगितले. म्हणजे तारीख तपासणे दोन्ही बाजूंना लागू आहे, निंदेला आणि स्तुतीलाही.

शिवाय इजिप्त हा ग्रीकांचा एकमेव गुरू नव्हता. लिपी त्यांनी फिनिशियनांकडून घेतली, आकाशाच्या नोंदी बॅबिलोनकडून. आणि इजिप्त तरी कुठे सगळे पोटातून शिकून आला होता? ज्या दोन घोड्यांच्या रथात उभा राहून दुसरा रामसेस इ.स.पू. १२७४ मध्ये कादेशच्या लढाईत लढला, तो रथ इजिप्तचा नव्हता. काही शतके आधी, पश्चिम आशियातून आलेल्या हिक्सोस लोकांची सत्ता उत्तर इजिप्तवर होती, त्या काळात घोडा आणि रथ तिथे आले. इजिप्तने हिक्सोसांना हाकलले आणि त्यांचा रथ ठेवून घेतला. शत्रूकडून शिकण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. वाटला असता तर ते कादेशला पायी गेले असते.

कोणी म्हणेल, याचा आपल्याशी काय संबंध? आहे, आणि तो रोज तोंडात असतो. दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा भाग करण्याची रीत इजिप्तची. ग्रीकांकडून ती 'होरा' या शब्दासह भारतीय ज्योतिषात आली. दिवसाच्या २४ होरांवर सात ग्रहांची क्रमाने पाळी लावली की पंचविसावी होरा, म्हणजे दुसऱ्या दिवसाची पहिली, ज्या ग्रहाला मिळते त्याचे नाव त्या दिवसाला. रवीपासून मोजा, सोम येतो. सोमापासून मोजा, मंगळ येतो. आपल्या वारांचा क्रम असा लागतो. 'केंद्र' हा शब्दसुद्धा मूळ ग्रीक. आणि हे कोणी लपवले नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त स्वच्छ म्हटले आहे की यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे नीट मांडलेले आहे आणि म्हणून त्यांना ऋषींसारखा मान मिळतो. इतका मोठा विद्वान, आणि परक्याचे नाव घेताना त्याची जीभ अडखळली नाही.

माझे मत म्हणून एवढेच सांगायचे आहे. एखाद्या संस्कृतीची उंची 'सगळे आमच्याकडेच होते' या घोषणेने मोजू नये, आणि 'त्यांच्याकडे काहीच नव्हते, सगळे चोरीचे' या घोषणेनेही नाही. तीन प्रश्न विचारावेत. कोणाकडून घेतले? त्यात काय भर घातली? आणि घेतले हे सांगितले का? या तिन्ही प्रश्नांना इजिप्त, ग्रीस आणि आपले वराहमिहिर ताठ मानेने उत्तर देऊ शकतात. आज आपल्या फोनवर प्राचीन भारताविषयी जे संदेश येतात, त्यातले कितीतरी या प्रश्नांपुढे टिकणार नाहीत. त्यांची गरजही नाही. दशमान अंक आणि शून्य यांचा प्रवास भारतातून अरबांकडे आणि तिथून युरोपात झाला, ही पुराव्याने सिद्ध झालेली गोष्ट आपल्याजवळ असताना, खोट्या गोष्टींची भर घालून आपण खऱ्या गोष्टींवरचाच विश्वास कमी करतो. माझ्या एका वाक्यामुळे माझ्या भाषणातला उरलेला, खरा भाग आज संशयास्पद झाला, तसेच.

पालकांना एक विनंती. मुलाने 'हे कशावरून?' असे विचारले तर त्याला उर्मट समजू नका. आम्ही शाळेत हुकूम पाळायला शिकतो, आणि ते शिकलेच पाहिजे. पण नकाशावर चुकीची नदी दाखवली असेल तर ती सांगणे हाही शिस्तीचाच भाग आहे, असे आमचे इतिहासाचे सर म्हणतात. त्यांच्याकडेच मी हे सारे घेऊन गेलो होतो. मला वाटले ते ढाल परत करायला सांगतील. त्यांनी तसे काही केले नाही. म्हणाले, 'जितक्या लोकांसमोर बोललास, तितक्यांसमोर दुरुस्त कर.' सभेत दोन मिनिटे मागून मी ते केले. तेव्हा टाळ्या अर्थातच कमी पडल्या. पुढच्या वर्षीपासून स्पर्धेत प्रत्येक वक्त्याला त्याच्या एका विधानाचा आधार विचारला जावा, अशी सूचनाही मी लेखी दिली आहे.

नववीतला तो कॅडेट केरळचा आहे. हे पान त्याला वाचता येणार नाही. म्हणून सभेच्या आधीच मी त्याच्या डॉर्मिटरीत जाऊन हिंदीत त्याची माफी मागितली. म्हटले, तुझे बरोबर होते, तारीख तुला माहीत होती आणि मी तुला हसण्यावारी नेले.

तो गोंधळून उभा राहिला. मग म्हणाला, 'नाही सर, तारीख मलाही माहीत नव्हती. म्हणून तर विचारले.'